ॲनिमेशनचे शिक्षण : वर्गातले प्रकल्प आणि घरचा हिशेब

१ फेब्रुवारी २०२६ रोजी, रविवार असूनही, केंद्रीय अर्थसंकल्प सादर झाला. आपल्या मंडळातील ज्येष्ठ मंडळींनी त्यात ठेवींवरील करकपात आणि आयकराचे टप्पे शोधले. ते साहजिकच आहे. परंतु त्याच भाषणात एक घोषणा अशी होती, जिचा संबंध आपल्या नातवंडांशी आहे. देशातील १५,००० माध्यमिक शाळा आणि ५०० महाविद्यालयांत ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्स या विषयांच्या प्रयोगशाळा सुरू करण्यासाठी मुंबईच्या ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज’ या संस्थेला साहाय्य देण्यात येईल, असे अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी सांगितले. या क्षेत्राला २०३० पर्यंत २० लाख कुशल माणसे लागतील, असा अंदाजही त्यांनी मांडला.

ही बातमी आल्यापासून मंडळात एक प्रश्न वारंवार कानावर येतो. ‘मुलाला ॲनिमेशनला घालू का? संस्थेवाले चार लाख सांगताहेत.’ विचारणारे बहुतेक मध्यमवर्गीय पालक असतात. एक पगार, एक घराचा हप्ता, आणि मुलगा किंवा मुलगी दिवसभर संगणकावर चित्रे करत बसलेली. आम्ही चित्रकार नाही. आयुष्य बँकेत कर्जप्रस्ताव वाचण्यात गेले. त्यामुळे या प्रश्नाकडे आम्ही आमच्या सवयीने, म्हणजे कागद मागून पाहिले. तो विचार सभासदांपुढे ठेवत आहोत.

घोषणा आणि तिची पार्श्वभूमी

ही घोषणा एकाएकी झालेली नाही. २०२२ च्या अर्थसंकल्पात या क्षेत्रासाठी कृतिदल नेमण्याचे जाहीर झाले होते. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मुंबईत राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्र उभारण्यास मंजुरी दिली. तेच पुढे वर उल्लेखिलेली संस्था म्हणून आकाराला आले. मे २०२५ मध्ये मुंबईत ‘वेव्ह्ज’ ही जागतिक परिषद भरली. कर्नाटकाने तर या क्षेत्राचे धोरण २०१२ मध्येच आणले होते. म्हणजे सरकारी विचार दहा-बारा वर्षे एका दिशेने चालला आहे.

शाळेतही बदल झाला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासून व्यवसाय-शिक्षणाची ओळख करून द्यावी असे म्हटले. त्यानुसार एनसीईआरटीने २०२४ मध्ये सहावीसाठी ‘कौशल बोध’ हे पुस्तक काढले. त्यात धडे नाहीत, प्रकल्प आहेत. परसबाग, शाळेचे संग्रहालय, विस्तवाशिवाय स्वयंपाक अशा प्रकल्पांच्या पंक्तीत ‘ॲनिमेशन आणि खेळ’ हाही एक प्रकल्प आहे. वरच्या वर्गांत सीबीएसईच्या कौशल्य विषयांमध्ये मल्टिमीडिया घेता येतो.

याचा अर्थ एवढाच, की मुलाला हे काम जमते का आणि आवडते का, हे पाहण्याची सोय आता शाळेतच होऊ लागली आहे. लाखांची फी भरण्याआधी हे कळणे ही मोठी गोष्ट आहे. मात्र २० लाख हा आकडा गरजेचा अंदाज आहे. तो नोकरीचा करार नाही. संस्थांच्या जाहिरातींत हा आकडा आता मोठ्या अक्षरांत छापला जाईल. तो वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा.

हे बडोद्याला नवे नाही

आपल्या घरांत अजूनही ‘चित्रे काढून पोट भरते का’ असे विचारले जाते. बडोद्यात राहून तरी हा प्रश्न विचारू नये. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली, प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने, इथे कलाभवन सुरू झाले. कला आणि कारागिरी एका छपराखाली, हाताने काम करत शिकवायची, ही त्यामागची कल्पना होती. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून आलेला त्र्यंबकेश्वरचा एक तरुण या कलाभवनात छायाचित्रण, चित्रकला आणि प्रतिकृती करणे शिकला. त्याचे नाव धुंडिराज गोविंद फाळके.

‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याआधी दादासाहेबांनी केलेला एक छोटा प्रकल्प मात्र कमी जणांना ठाऊक असतो. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरून, त्याच्या वाढीची थोडी थोडी चित्रे रोज टिपून, त्यांनी पडद्यावर थोड्याच वेळात अंकुराचे रोपटे होताना दाखवले. भांडवल देणाऱ्यांपुढे त्यांनी ठेवले ते हे काम. पुढे १९१५ मध्ये त्यांनी आगकाड्या एकेक करून सरकवत, दर वेळी एकेक चौकट टिपत ‘आगकाड्यांची मौज’ केली. आज याला स्टॉप-मोशन म्हणतात आणि शाळेतली मुले मोबाइलवर ते करतात.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर वाटाण्याचे ते रोप हेच दादासाहेबांचे पहिले तारण होते. पुढे आम्ही जे म्हणणार आहोत, त्याचा गाभा हाच आहे.

एका विद्यार्थ्याचे पाच प्रकल्प

मंडळाच्या एका सभासद कुटुंबातील मुलगा अकरावीत आहे आणि शाळेत मल्टिमीडिया शिकतो. त्याच्या आईवडिलांच्या संमतीने आम्ही दोन दुपारी बसून त्याचे वर्षभराचे काम पाहिले. नाव येथे देत नाही. प्रत्येक प्रकल्पाला आम्ही एकच प्रश्न लावला : यातून हा काय शिकला?

पहिला प्रकल्प उसळणाऱ्या चेंडूचा. सगळीकडे सुरुवात यानेच होते. सिनेमात एका सेकंदाला २४ चौकटी जातात. हाताने काढताना बहुधा एक चित्र दोन चौकटींना वापरतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रे आणि दहा सेकंदांना १२० चित्रे. चेंडू वर पोचताना मंद होतो, तेव्हा चित्रे जवळजवळ काढायची. खाली येताना वेग वाढतो, तेव्हा लांब लांब. जमिनीला टेकताना तो किंचित चपटा करायचा. रबरी चेंडू आणि लोखंडी गोळा यांत चित्र तेच, गोल. फरक फक्त दोन चित्रांमधल्या अंतराचा. मुलाने दोन्ही करून दाखवले आणि डोळ्यांना वजन कळले. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातले गुरुत्वाकर्षण त्याला इथे समजले, असे तो स्वतःच म्हणाला.

दुसरा प्रकल्प माणसाच्या चालण्याचा. इंटरनेटवर चालण्याचे ठरीव तक्ते मिळतात. त्याने पहिल्यांदा तसाच एक उतरवला. शिक्षिकेने तो परत केला आणि सांगितले, ‘घरातल्या एका माणसाचे चालणे काढून आण.’ त्याने आजी निवडली. आजीचा उजवा गुडघा दुखतो. त्यामुळे उजव्या पायावर भार थोडाच वेळ टिकतो, डाव्यावर जास्त. डावा हात भिंतीच्या बाजूला किंचित उघडा राहतो. हे त्याने तीन संध्याकाळी पाहिले आणि वहीत टिपले. ‘अरे, माझ्या चालण्यात काय आहे काढण्यासारखं?’ असे आजी विचारत राहिल्या. पडद्यावर जी साधी रेघांची बाई चालते, ती आजी आहे हे घरातला लहान मुलगाही ओळखतो. मुलगा इथे निरीक्षण शिकला. आमच्या मते वर्षभरातले हे सर्वांत मोलाचे काम.

तिसरा प्रकल्प जुन्या छायाचित्राच्या दुरुस्तीचा. पणजोबा-पणजीचा लग्नातला फोटो, मधोमध घडी पडलेला, एक कोपरा फाटलेला. आधी तो चांगल्या सूक्ष्मतेने स्कॅन करायचा आणि मूळ फाइल कधीही बदलायची नाही. दुरुस्ती सगळी वेगळ्या थरावर, ज्याला लेअर म्हणतात. चूक झाली तर तो थर काढला की मूळ प्रत तशीच राहते. आम्ही खातेवही तपासणारी माणसे. मूळ नोंद न खोडता दुरुस्तीची नोंद वेगळी करायची, हा नियम आम्हाला लगेच पटला.

यात एक बारीक गोष्ट होती. घडी पणजीच्या गालावरून गेली होती आणि तिथला रंग उडाला होता. मोबाइलवरील एका ॲपने क्षणात चेहरा ‘स्वच्छ’ करून दिला. डोळे तेजस्वी, कातडी गुळगुळीत. पण घरातल्या म्हाताऱ्यांनी पाहून सांगितले, ‘ही आमची आई नाही.’ यंत्राने चेहरा दुरुस्त केला नव्हता, हजारो चेहऱ्यांवरून नवा बेतला होता. मुलाने ती प्रत बाजूला ठेवली. शेजारच्या कातडीचा पोत घेऊन घडी हाताने भरली आणि जिथे माहिती उरलीच नव्हती तिथे पुसट डाग राहू दिला. फोटो दुरुस्त करणे आणि फोटो खोटा करणे यांच्यातली सीमा त्याला या एका प्रकल्पात दिसली. पुढे तो कुठेही काम करो, ही शिकवण त्याला लागणार आहे.

चौथा प्रकल्प गुढीपाडव्याच्या भित्तिपत्रकाचा. हा आपल्या समाजासाठी खास महत्त्वाचा. बडोद्यात मराठी फलक करून घेणाऱ्यांना अनुभव असेल : जोडाक्षरे सुटतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते, ‘महाराष्ट्र’मधला ‘ष्ट्र’ तुकडे होऊन पडतो. कारण असे, की फोटोशॉपसारख्या प्रणालीच्या जुन्या आवृत्त्यांत दक्षिण आशियाई लिप्यांसाठी वेगळी मांडणी निवडावी लागते. ती निवडलेली नसेल तर अक्षरे सुटी पडतात. इंकस्केपसारख्या मोफत प्रणालीत देवनागरी नीट उमटते. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्ता’ हा टंकही मोफत मिळतो. इंग्रजी माध्यमात शिकणारा हा मुलगा ‘शुभेच्छा’ बरोबर दिसतो का हे तपासण्यासाठी आजोबांकडे तीनदा गेला. घरात मराठी वाचायला लावण्याचे आमचे कितीतरी उपाय फसलेले आहेत. हा उपाय मात्र लागू पडला.

पाचवा प्रकल्प ओठांच्या हालचालींचा. आजीने सांगितलेल्या गोष्टीची वीस सेकंदे ध्वनिमुद्रित करून चित्रातल्या पात्राचे ओठ त्याबरोबर हलवायचे. यासाठी मिळणारे तयार तक्ते इंग्रजी उच्चारांवर बेतलेले असतात. त्याने मराठीसाठी स्वतःचा तक्ता केला आणि करताना त्याला वर्णमालेचे इंगित सापडले. प, फ, ब, भ, म हा वर्ग एकत्र का? तर तो उच्चारताना ओठ मिटतात. ही ओष्ठ्य व्यंजने. त, थ, द, ध, न यांना जीभ दातांना लागते, ओठ उघडे राहतात. उ आणि ओ यांना ओठांचा चंबू. आपल्या पूर्वजांनी वर्णमाला तोंडातील जागेप्रमाणे लावली आहे, त्यामुळे ओठांचा तक्ता अर्धा तयारच मिळतो. आठ तोंडांच्या आकृत्यांत त्याचे काम भागले. पात्र मराठी बोलते आहे हे आवाज बंद केला तरी जाणवते.

हे पाचही प्रकल्प त्याने ब्लेंडर, क्रिटा, गिम्प आणि इंकस्केप या प्रणालींवर केले. या सर्व मोफत आणि कायदेशीर आहेत. मार्च २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळवणारा लॅटव्हियाचा ‘फ्लो’ हा चित्रपट ब्लेंडरवरच तयार झाला होता. सॉफ्टवेअर महाग म्हणून मूल शिकू शकत नाही, ही अडचण आता राहिलेली नाही. लागतो तो बरा संगणक, वेळ आणि काम परत करणारा शिक्षक.

या व्यवसायातील जोखीम

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर आमचा बँकेतला अनुभव वाया गेला म्हणायचे.

या व्यवसायात नावाजलेली कंपनीही टिकेलच असे नाही. ‘लाइफ ऑफ पाय’ या चित्रपटाच्या दृश्यपरिणामांसाठी फेब्रुवारी २०१३ मध्ये ऑस्कर मिळाले, तेव्हा ते काम करणाऱ्या ‘ऱ्हिदम अँड ह्यूज’ या अमेरिकी कंपनीने काही दिवसांपूर्वीच दिवाळखोरीचा अर्ज केलेला होता. तिचे स्टुडिओ मुंबई आणि हैदराबादलाही होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘टेक्निकलर’ हा जुना आंतरराष्ट्रीय समूह कोसळला आणि बंगळूर व मुंबईतील सुमारे तीन हजार कर्मचारी अडचणीत आले. हे लोक अकुशल नव्हते. परदेशी स्टुडिओंच्या कंत्राटांवर अवलंबून असलेला धंदा तिकडच्या वाऱ्याने हलतो, एवढेच कारण पुरले.

दुसरी जोखीम कृत्रिम बुद्धिमत्तेची. भारतात आजवर नवशिक्या मुलांना पहिली नोकरी मिळायची ती ठरावीक कामांत : चित्रातील माणसाची कड चौकटीमागून चौकट कापून वेगळी करणे, तारा आणि खांब पुसणे, रेघा साफ करणे. हे काम कंटाळवाणे असले तरी तीच पहिली पायरी होती. आता त्यातले बरेचसे यंत्र करू लागले आहे. मार्च २०२५ मध्ये जपानच्या ‘जिब्ली’ स्टुडिओच्या शैलीत आपले फोटो करून घेण्याची लाट आली होती. आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावरही ती चित्रे फिरली. ज्या शैलीमागे कलाकारांची आयुष्ये गेली, ती एका ओळीच्या आज्ञेवर मिळू लागली.

मग मुलांनी हे शिकूच नये का? आम्हाला तसे वाटत नाही. पण काय शिकतो याला आता फार महत्त्व आले आहे. केवळ सॉफ्टवेअरची बटणे शिकवणारा अभ्यासक्रम दोन वर्षांत जुना होईल, कारण बटणे यंत्र दाबेल. आजीचा गुडघा पाहणे, पणजीचा चेहरा न बदलणे, मराठी ओठांचा तक्ता करणे, ही कामे कोणत्याही आज्ञेने आपोआप होत नाहीत. ती करताना माणसाला आधी ठरवावे लागते की बरोबर काय. वर पाहिलेल्या पाच प्रकल्पांत बटणांचा भाग थोडा आणि ठरवण्याचा भाग मोठा होता, म्हणून ते आम्हाला भरवशाचे वाटले.

फी, कर्ज आणि हप्ता

समजा संस्थेची फी चार लाख आहे आणि ती कर्ज काढून भरली. व्याजदर ११ टक्के आणि परतफेड पाच वर्षे धरली तर हप्ता दरमहा सुमारे ८,७०० रुपये येतो. एकूण परतफेड सुमारे ५ लाख २२ हजार. शिवाय शिक्षण चालू असतानाचे व्याज वेगळे. पूर्ण रक्कम उचललेली असेल तर वर्षाला ४४,००० रुपये. ते दरमहा भरले नाही तर मुद्दलात मिळते आणि हप्ता आणखी वाढतो. मुलाचा पहिला पगार किती असेल, त्यातून परगावच्या खोलीचे भाडे गेल्यावर हा हप्ता निघेल का, हे कागदावर मांडून पाहावे.

दुसरा मुद्दा कर्ज कोणते, हा. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत, पालक सहकर्जदार असतात आणि परतफेड शिक्षण संपल्यानंतर एक वर्षाने सुरू होते. पण त्यासाठी अभ्यासक्रम मान्यताप्राप्त असावा लागतो. गल्लोगल्ली निघालेल्या अनेक संस्थांची प्रमाणपत्रे त्यांची स्वतःची असतात. तिथे बँक नाही म्हणते. मग संस्था स्वतःच एखाद्या वित्त कंपनीशी गाठ घालून देते, प्रवेशाच्या टेबलावरच सह्या होतात आणि हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू होतो. मुलाने शिक्षण मध्येच सोडले तरी हप्ता थांबत नाही, कारण कर्ज तुमचे असते, संस्थेचे नव्हे. सही करण्यापूर्वी करार घरी आणून वाचावा. घाई करणाऱ्याला ‘दोन दिवसांनी येतो’ म्हणावे.

मान्यताप्राप्त वाटाही आहेत. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था आपल्यापासून दोन तासांवर आहे आणि तिथे ॲनिमेशन शिकवतात. आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागात पदव्युत्तर पातळीवर हा विषय आहे. आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललित कला शाखा १९५० पासून नावाजलेली आहे. तिथे चित्रकलेचा पाया घालून पुढे ॲनिमेशनकडे वळता येते. या ठिकाणी प्रवेश कठीण आहे, पण प्रवेशाची तयारी म्हणजेसुद्धा हातात वही घेऊन पाहणे आणि काढणे हीच आहे. ती कुठेच वाया जात नाही.

खासगी संस्थेतच जायचे असेल तर पालकांनी पुढील गोष्टी विचाराव्यात आणि उत्तरे लेखी घ्यावीत :

१. प्रमाणपत्र कोणाचे? विद्यापीठाचे, सरकारी कौशल्य मंडळाचे, की संस्थेचे स्वतःचे?

२. दोन वर्षांत विद्यार्थी स्वतः पूर्ण करतो असे प्रकल्प किती? गेल्या वर्षीच्या साध्या, मधल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याचे काम दाखवा. पहिल्या क्रमांकाचे नको.

३. शिक्षक कोण? त्यांनी प्रत्यक्ष काम केले आहे का, आणि ते काम तपासून परत करतात का?

४. गेल्या वर्षी उत्तीर्ण झालेल्यांपैकी दोघांशी फोनवर बोलता येईल का?

५. मध्येच सोडल्यास फी किती परत मिळेल?

६. चित्रकला शिकवता का, की थेट सॉफ्टवेअर?

सहाव्या प्रश्नाला ‘चित्रकलेची आता गरज नाही’ असे उत्तर आले, तर नमस्कार करून बाहेर पडावे.

आणि मुलाला विचारावयाचा प्रश्न एकच : शाळेतले किती प्रकल्प तू शेवटपर्यंत नेलेस? सुरू केलेले दहा आणि पूर्ण केलेले एकही नाही, असे असेल तर वर्षभर थांबून मोफत प्रणालींवर तीन छोटी कामे पुरी करू द्यावीत. यात पैसा जात नाही आणि मुलाचा कल समजतो. तीन कामे पुरी झाली तर त्याच्या मागे उभे राहावे, मग शेजारी काहीही म्हणोत. या धंद्यात नोकरी देणारा गुणपत्रिका शेवटी पाहतो. आधी तो कामाचा संग्रह पाहतो, ज्याला पोर्टफोलिओ म्हणतात. तोच या मुलांचा खरा दाखला.

मंडळाने काय करावे

शाळेत प्रकल्पाला विषय लागतो आणि मुले बहुतेक वेळा इंटरनेटवरून उचललेला विषय घेतात. त्यांना विषय देणे मंडळाला शक्य आहे. आपल्या घरांत, पेट्यांत, कपाटांवर बडोद्यातील मराठी कुटुंबांचे शंभर वर्षांचे फोटो पडून आहेत. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा येथील जुने वाडे पडत आहेत आणि त्यांच्याबरोबर हे अल्बमही रद्दीत जात आहेत. दर शनिवारी दोन तास मंडळाच्या खोलीत एक स्कॅनर, एक संगणक आणि दोन-तीन मुले बसली, तर वर्षभरात बराच संग्रह जतन होईल. प्रत्येक फोटोची मूळ प्रत वेगळी ठेवावी, दुरुस्त प्रत वेगळी. फोटोतील माणसांची नावे, साल आणि ठिकाण ज्येष्ठांनी सांगावे, मुलांनी लिहून घ्यावे. हे काम दहा वर्षांनी करायचे म्हटले तर नावे सांगणारे उरणार नाहीत.

तसेच आजी-आजोबांच्या गोष्टी. ज्यांना बडोद्याची जुनी मराठी येते, गुजरातीचा हलका रंग चढलेली, त्यांच्या आवाजात पाच-पाच मिनिटांच्या गोष्टी ध्वनिमुद्रित कराव्यात. त्यातील अर्ध्या मिनिटाच्या भागावर मुलांनी चित्रपट करावा. गणेशोत्सवात आपण हलते देखावे पाहायला गर्दी करतो. एखाद्या वर्षी मंडपात पडद्यावर आपल्याच मुलांचे हे काम लावावे आणि प्रत्येकाचे नाव द्यावे.

मोबदल्याबाबतही स्पष्ट बोलले पाहिजे. ‘अरे, तुला येतं ना, कार्यक्रमाचं पोस्टर करून दे’, असे सांगून मुलांकडून रात्री अकराला काम मागण्याची आपल्याकडे पद्धत आहे. आचाऱ्याला आणि मांडववाल्याला आपण पैसे देतो. पोस्टर करणाऱ्या मुलालाही थोडे मानधन द्यावे आणि काम दोन दिवस आधी सांगावे. रक्कम छोटी चालेल. कामाला किंमत असते हे मुलाला आणि आपल्यालाही समजले पाहिजे.

एक जबाबदारी मुलांचीही. फोटो बदलण्याचे कसब दुधारी आहे. फेब्रुवारी २०२६ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती होऊन यंत्राने तयार केलेल्या खऱ्यासारख्या दृश्यांवर तशी खूण असण्याचे बंधन समाजमाध्यमांवर आले. वर्गातल्या मुलीचा फोटो गंमत म्हणून बदलणे ही गंमत नसून गुन्हा होऊ शकतो, हे घरात बसून स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. पणजीचा चेहरा न बदलणाऱ्या मुलाला हे वेगळे सांगावे लागले नाही. त्याला ते प्रकल्पातच कळले होते.

मे-जून हे प्रवेशाचे महिने. ज्या पालकांसमोर हा निर्णय आहे त्यांनी मुलाचे काम आणि संस्थेचे कागद घेऊन मंडळात यावे. आमच्यात बँकेतून निवृत्त झालेले तिघे-चौघे आहेत, चित्रकलेचे दोन शिक्षक आहेत. कर्जाचा करार आम्ही वाचून देऊ, काम ते पाहतील. चहा मंडळाचा. फक्त सही करण्याआधी या.